न्यू हॅम्पशायर प्रायमरी : मतदानाचे प्रमाण आणि कुंपणावरचे मतदार

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या प्रक्रियेत न्यू हॅम्पशायर या ईशान्येकडील लहान राज्यात होणारी पक्षांतर्गत निवडणूक. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिथे ते सामान्य मतदार मतपत्रिकेवर खूण करून देतो. ही प्रायमरी १९१६ मध्ये सुरू झाली आणि १९२० पासून देशातली पहिली प्रायमरी ठरली. सुरुवातीला मतदार फक्त पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी निवडत, त्यामुळे फारसे कोणी फिरकत नसे. लोकांना रस वाटावा म्हणून १९४९ मध्ये कायदा बदलला आणि १९५२ पासून अध्यक्षपदाच्या इच्छुकांची नावेच मतपत्रिकेवर आली. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी आपल्याच पक्षाचे विद्यमान अध्यक्ष ट्रुमन यांना इथे हरवले.

कुंपणावरचे मतदार म्हणताना इथे दोन वेगळ्या गटांची गल्लत होते. पहिला गट ‘अनडिक्लेअर्ड’ मतदारांचा, म्हणजे नोंदणी करताना कोणताही पक्ष न लावलेल्यांचा. राज्यातील नोंदणीकृत मतदारांत ते सुमारे ४० टक्के असतात. मतदानाच्या दिवशी ते कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतात आणि मत दिल्यावर तिथेच अर्ज भरून पुन्हा पक्षविरहित होऊ शकतात. दुसरा गट कोणाला मत द्यायचे हे अजून न ठरवलेल्यांचा. पक्षाशी आयुष्यभर बांधलेला माणूसही या दुसऱ्या गटात असू शकतो आणि पक्ष न लावलेल्याचे मत वर्षभर आधी पक्के झालेले असू शकते.

प्रायमरीत हा दुसरा गट मोठा असण्याचे कारण साधे आहे. सगळे इच्छुक एकाच पक्षाचे, धोरणांत फरक थोडा. पक्ष पाहून मत देण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. आवडणारे दोघे-तिघे असतात, आणि त्यांतला कोण नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत जिंकू शकेल हा हिशेब शेवटपर्यंत चालतो. उशिरा ठरवणे म्हणजे बेफिकिरी असे मानणे चूक आहे. या राज्यात लोक इच्छुकांना घरगुती बैठकांत आणि शाळांच्या सभागृहांत समोरासमोर प्रश्न विचारतात. त्यांचा निर्णय लांबतो तो बहुधा या चौकसपणामुळे.

याचा सर्वात मोठा फटका जनमत चाचण्यांना २००८ मध्ये बसला. ३ जानेवारीला आयोवा राज्यात, जिथे प्रायमरीऐवजी पक्षसभांत (कॉकस) कौल घेतला गेला, डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा जिंकले आणि पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायरचे मतदान होते. चाचण्यांत ओबामा स्पष्ट आघाडीवर होते. प्रत्यक्षात हिलरी क्लिंटन ३९ विरुद्ध ३६ टक्के अशा जिंकल्या. जनमत संशोधकांच्या अमेरिकी संघटनेने नेमलेल्या समितीने २००९ मध्ये कारणे तपासली. मधला काळ फार कमी होता, चाचण्या लवकर थांबल्या, आणि सहज संपर्कात न येणाऱ्या लोकांत क्लिंटन यांचे समर्थक अधिक होते, असे तिच्या पाहणीत आढळले. मतदानाला कोण येणार याचा अंदाजही चाचणीकाराला आधीच बांधावा लागतो. प्रायमरीत तोच सर्वात निसरडा असतो, कारण इथे मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते.

मतदानाचे प्रमाण आणि कुंपणावरचे मतदार हे एकमेकांत गुंतलेले विषय आहेत. पक्ष न लावलेला मतदार एकाच पक्षाची मतपत्रिका घेऊ शकतो, म्हणून एका पक्षाची लढत रंगली की दुसऱ्याकडची गर्दी ओसरते. २००० मध्ये असे अनेक मतदार रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांच्याकडे वळले; मॅकेन यांनी जॉर्ज बुश यांना मोठ्या फरकाने हरवले, तर डेमोक्रॅटिक बाजूला बिल ब्रॅडली थोडक्यात अल गोर यांच्याकडून हरले. तो ओघ ब्रॅडलींकडे गेला असता तर निकाल फिरला असता, असे मानायला जागा आहे. २०२४ मध्ये निकी हेली यांची भिस्त याच मतदारांवर होती. रिपब्लिकन बाजूला तीन लाखांहून अधिक मते पडली, पण ट्रम्प सुमारे ५४ टक्के मते घेऊन जिंकले आणि हेली ४३ टक्क्यांवर थांबल्या.

न्यू हॅम्पशायरमधली ही गर्दी अपवादात्मक आहे. देशभर पाहिले तर २०१६ सारख्या चुरशीच्या वर्षीही पात्र मतदारांपैकी तीन दशांशांहून कमी लोक प्रायमरीला आले. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रायमरीत तर आकडे आणखी खाली जातात आणि थोडी मते पुरेशी ठरतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातील १३व्या मतदारसंघात नऊ जणांच्या लढतीत ते सुमारे २८ टक्के मतांवर विजयी झाले. तो बालेकिल्ला डेमोक्रॅटिक पक्षाचा, त्यामुळे प्रतिनिधिगृहाची जागा खऱ्या अर्थाने त्या ऑगस्टमध्येच ठरली होती.