पहिली पसंती वाया जात नाही

"मावशी, पहिल्या नंबरला व्हीजेटीआय कशाला टाकू? मिळणार तर नाहीच, एक पसंती फुकट जाईल." इंजिनीअरिंगचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, भरायला भाची डोंबिवलीहून माझ्याकडे दादरला आली होती. जिथे नंबर लागेल तेच कॉलेज वर लिही, असं तिला क्लासमध्ये कोणीतरी सांगितलेलं. मुंबईत दर उन्हाळ्यात घरोघरी हाच सल्ला फिरतो. तो चुकीचा आहे, आणि हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या अमेरिकी गणितज्ञांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेशाचं कोडं सोडवलं. प्रत्येक विद्यार्थी आधी पहिल्या पसंतीच्या दारात जातो. कॉलेज गुणवत्तेप्रमाणे जागा देतं, पण कच्ची, आणि उरलेल्यांना परत पाठवतं. परतलेला दुसऱ्या पसंतीकडे जातो. तिथे त्याचे गुण जास्त असले, तर आधी बसलेल्याला उठावं लागतं. कोणालाच उठवायची वेळ येत नाही, तेव्हा जागा पक्क्या होतात.

सगळी गोम त्या 'कच्ची' शब्दात आहे. तुम्ही कॉलेजला कितवं लिहिलंत हे इथे बघितलंच जात नाही, फक्त गुण बघतात. मोठं नाव वर लिहून नकार मिळाला, तरी खालच्या कॉलेजवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

आपल्या सीईटीच्या जागावाटपातही गुणवत्ता यादीत तुमचा क्रम आला की तुमचा फॉर्म वरून खाली वाचला जातो, आणि तुम्हाला लागू असलेली जागा जिथे पहिल्यांदा शिल्लक दिसेल ती तुमची.

बॉस्टनच्या सरकारी शाळांत पूर्वी उलट होतं. जागा पहिल्या फेरीतच पक्क्या व्हायच्या. ज्या पालकांना हे ठाऊक होतं ते हिशेबाने यादी लिहीत आणि मनातलं खरं लिहिणाऱ्यांची मुलं मागे पडत. मला यातला हा अन्याय सर्वांत जास्त बोचतो. संशोधकांनी तो दाखवून दिला आणि २००५ मध्ये शहराने पद्धत बदलली. या विषयातल्या कामासाठी शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तरीही भीती जात नाही. इस्रायलमध्ये मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशांचा अभ्यास झाला, तेव्हा अनेकांनी शिष्यवृत्तीसह मिळणारी जागा खाली आणि तीच जागा शिष्यवृत्तीशिवाय वर लिहिलेली आढळली!

मात्र हा सिद्धांत एका फेरीपुरता. २०२५ च्या आपल्या इंजिनीअरिंग प्रवेशांत दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी काहीही मिळालं की ते आपोआप फ्रीझ (पक्कं), पुढच्या फेरीत बेटरमेंट (वरच्या पसंतीसाठी पुन्हा संधी) नाही. तिसऱ्या फेरीत हीच अट पहिल्या सहा पसंतींना. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर पहिल्याची वाट बघता येत नाही. इथे मात्र विचार करावाच लागतो.

व्हीजेटीआय पहिल्या क्रमांकावर राहिलं. दुसऱ्या फेरीच्या वेळी आम्ही रात्री साडेअकरापर्यंत फक्त वरच्या तीन नावांवर बसलो होतो. चौथ्यापासून पुढचं तिचं तिने लिहिलं.