जुन्या गाडीला डिस्क ब्रेक बसवताय? आधी ब्रेक पाइपांचं बोलू

पद्मिनी किंवा अम्बॅसेडरला पुढे डिस्क बसवून घ्यायला येणारे ग्राहक बरंच काही ठरवून येतात. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) कोणत्या गाडीचे, मागचे ड्रम ठेवायचे की नाही, चाक आत अडेल का. पाइपांबद्दल मात्र एवढंच सांगितलं जातं, "जुनेच जोडून द्या, चांगले दिसतात." जुन्या पाइपांवर हे काम आम्ही आमच्या गॅरेजात घेत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि स्टीलचा पाइप आतून गंजत जातो. बाहेरून तो क्लिपांखाली, मातीचा थर बसतो तिथे झिजतो. मुंबईच्या आणि कोकणातल्या गाड्यांचे पाइप क्लिप काढल्यावर हाताने मोडतात. म्हणून मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) चाकापर्यंत सगळी लाइन नवी, आणि मध्ये जोड शक्य तितके कमी.

जाड पाइप घातला तर ब्रेक जास्त लागेल का?
नाही. ऑइलमधला दाब पाइपाच्या जाडीवर अवलंबून नसतो. जोर ठरतो तो मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर यांच्या पिस्टनच्या आकारावर. या गाड्यांना ४.७५ मिमीचा, म्हणजे ३/१६ इंची पाइप पुरतो.

कोणत्या धातूचा?
आमची पसंती तांबं-निकेलच्या मिश्रधातूला: सुमारे ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल. तो गंजत नाही, हाताने वळतो आणि त्याचं फ्लेअर, म्हणजे जोडात बसण्यासाठी पसरवलेलं तोंड, स्वच्छ बसतं. व्होल्वोने तो १९७०च्या दशकातच आपल्या गाड्यांना वापरायला घेतला. लेप दिलेला स्टीलचा पाइपही चालतो आणि स्वस्त पडतो, पण समुद्राजवळ राहत असाल तर त्यात पैसे वाचवू नका. स्टेनलेस स्टील दिसतं देखणं, मात्र कडक असल्याने फ्लेअर नीट दबून बसत नाही आणि जोड झिरपतात. साधा तांब्याचा पाइप आम्ही कधीच लावत नाही. इंजिनाच्या कंपनाने तो कडक होत जातो आणि एक दिवस तडकतो.

आटे: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या
अम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, त्यामुळे तिच्यात इंची आटे भेटतात. नवे कॅलिपर बहुधा मारुतीसारख्या गाड्यांचे, म्हणजे मेट्रिक. ३/८ इंची नट साधारण साडेनऊ मिमीचा, इंचाला २४ आट्यांचा. मेट्रिक नट १० मिमीचा, १ मिमी अंतराच्या आट्यांचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. इंची नट मेट्रिक भोकात सहज फिरतो, थोडा सैल लागतो, आणि आवळताना आटे जातात. त्याहून वाईट म्हणजे तो त्या दिवशी धरतो आणि घाटात जोरात ब्रेक दाबल्यावर सुटतो. पद्मिनीचं मूळ इटालियन, म्हणजे मेट्रिक. तरी मधल्या काळात कोणी काय बदललंय सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक जोड आम्ही थ्रेड गेजने (आटे मोजायच्या पट्टीने) मोजतो. पाइपाच्या तोंडाचंही तसंच: दुहेरी फ्लेअर (काठ आत दुमडलेलं) आणि बबल फ्लेअर (बुडबुड्यासारखं फुगवलेलं) एकमेकांच्या जागी बसत नाहीत. कितीही आवळा, ऑइल येणारच.

होज पाइप
जुन्या ड्रमचा होज (चाकाजवळची लवचीक नळी) कॅलिपरला वापरू नका. कॅलिपरवर होजची जागा आणि कोन वेगळा असतो. लांबी आम्ही गाडीवरच मोजतो: चाक लटकतं सोडून, मग दाबून, आणि दोन्ही वेळी स्टिअरिंग डावी-उजवीकडे टोकापर्यंत फिरवून. होज ताणलेला, पिळलेला किंवा टायरला घासणारा नको. चांगला रबरी होज रोजच्या वापराला पुरेसा आहे. स्टीलची जाळी असलेला होज दाबाने कमी फुगतो, पेडल घट्ट लागतं. तो घ्यायचा तर वरून प्लास्टिकचं आवरण असलेलाच घ्या, नाहीतर जाळी शेजारचा पाइप कापते. बॅन्जो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.

ब्रेक धरून राहत असेल तर
ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. पुढच्या डिस्कच्या लाइनवर तो तसाच राहिला तर पॅड सुटत नाहीत, डिस्क तापते. जमत असेल तर दुहेरी मास्टर सिलिंडरच बसवा आणि पुढची-मागची लाइन वेगळी करा. खर्च वाढतो, पण एक पाइप फुटला तरी दुसऱ्या लाइनवर गाडी थांबते. आमच्या मते हा खर्च डिस्कइतकाच महत्त्वाचा आहे.

गाडी आणण्यापूर्वी
गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर बदलाबद्दल आधी आरटीओत विचारा. काढलेले ड्रम, सिलिंडर आम्ही बांधून परत देतो; ते टाकू नका. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ घाला, सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. काम झाल्यावर आठवड्याभराने गाडी पुन्हा आणा. सगळे जोड कोरडे आहेत का ते आम्ही लिफ्टवर पाहतो, त्याचे पैसे घेत नाही. त्यानंतर दर दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी कमी चालली असली तरी.