डिजिटलमध्ये चूक होतच नाही?

"डिजिटल म्हणजे 0 नाहीतर 1, मधे काही नाही, म्हणून चूक होतच नाही" हे वर्षानुवर्षं फिरतंय. वाटणं साहजिकच आहे, कारण चुका आपल्याला दिसतच नाहीत. पण वायरमधून शेवटी व्होल्टेजच जातं ना, त्यात नॉईज (बाहेरचा नको असलेला विद्युत गोंगाट) मिसळला की 1 चा 0 वाचला जातो. हे मोजायला खास चिप असते, ती ठरलेल्या सूत्राने रँडम वाटणारे बिट (म्हणजे 0 आणि 1) पाठवते, समोरची चिप तेच बिट स्वतः बनवून ताडून बघते आणि न जुळलेले मोजते, बस एवढंच. सेकंदाला 10 गिगाबिट (म्हणजे 1000 कोटी बिट) नेणाऱ्या लिंकवर लाख कोटी बिटांत 1 चूक धरली तरी सरासरी दर 100 सेकंदांना एक होते! म्हणून पाच सेकंदात शून्य चुका आल्या तर खुश होऊ नका, निदान पाच मिनिटं चालवा. घरी बघायचं तर बऱ्याच डीएसएल (फोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या) राउटरच्या स्टेटस पेजवर सीआरसी एररचा, म्हणजे तपासणीत बिघडलेल्या निघालेल्या डेटाचा, आकडा असतो, दोन-चार दिवस बघा वाढतो का.