कुलगुरूच कायदेपंडित होते तेव्हा आणि आता: विद्यापीठाच्या विधी अधिकाऱ्याची पार्श्वभूमी

रत्नागिरी किंवा सावंतवाडीतल्या एखाद्या प्राध्यापकाने विद्यापीठाविरुद्ध याचिका केली, की नोटीस फिरत फिरत शेवटी एकाच टेबलावर येते. ते टेबल विधी अधिकाऱ्याचं. परिपत्रकावर सही कुलसचिवांची असते आणि पेपरात फोटो कुलगुरूंचा येतो. या अधिकाऱ्याचं नाव मात्र संलग्न महाविद्यालयांच्या प्राचार्यांनाही सांगता येईलच असं नाही. याचिकेतल्या प्रत्येक परिच्छेदाला विभागाकडून उत्तर मागवायचं, पॅनेलवरच्या वकिलाला फाइल समजावून सांगायची, प्रतिज्ञापत्र मुदतीत दाखल करून घ्यायचं, आणि निकाल विरुद्ध गेला तर तो मानायचा की अपिलात जायचं याची टिपणी वर पाठवायची, हा त्याचा रोजचा उद्योग. न्यायालयात युक्तिवाद करायला तो स्वतः सहसा उभा राहत नाही.

हे पद कुणी एका दिवशी ठरवून निर्माण केलेलं नाही. विद्यापीठाच्या जुन्या रचनेत त्याची गरजच भासत नव्हती, आणि त्याचं कारण कुलगुरूंच्या यादीत सापडतं.

१८५७ च्या २२ व्या कायद्याने मुंबई विद्यापीठ कायद्याच्या नजरेत एक व्यक्ती झालं. स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवणारं, दावा लावू शकणारं आणि ज्याच्यावर दावा लावता येईल असं. पण त्या काळात विद्यापीठाचं काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं एवढंच होतं. शिकवणं महाविद्यालयांकडे, नोकऱ्या सरकारकडे नाहीतर संस्थांकडे. भांडायला विषयच थोडे. आणि जे असतील ते समजून घ्यायला प्रमुख स्वतःच समर्थ असत. पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्रिंबक तेलंग उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. पुढे न्या. नारायण गणेश चंदावरकर आले, मग चिमणलाल सेटलवाड आले. सेटलवाडांनी १९१७ ते १९२९ असा दीर्घकाळ वकिली आणि कुलगुरूपद दोन्ही सांभाळलं. कोकणाला जवळची दोन नावं या यादीत आहेत. मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे संस्कृतचे पंडित, कायद्याचे नव्हेत, ते अपवाद. दुसरे पांडुरंग वामन काणे. चिपळूण परिसरात जन्म, शाळा दापोलीत, व्यवसाय मुंबई उच्च न्यायालयात वकिली आणि आयुष्यभराचं काम धर्मशास्त्राच्या इतिहासाचं. १९४७ ते १९४९ या काळात ते कुलगुरू होते. अशा माणसाला विधी अधिकाऱ्याने काय सल्ला द्यावा! साठीच्या दशकात, देशाचं सरन्यायाधीशपद सोडल्यावर न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरही याच खुर्चीत बसले. त्यानंतर शास्त्रज्ञ, अभियंते, अर्थतज्ज्ञ कुलगुरू होण्याचं प्रमाण वाढलं. त्यात गैर काहीच नाही. पण कायदा त्या खुर्चीतून उठून बाहेर गेला आणि नेमक्या त्याच सुमाराला तो विद्यापीठाच्या दारात येऊन धडकला.

दार उघडलं राज्यघटनेने. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारी कृतीला थेट आव्हान देणारी याचिका, करता येऊ लागली, तरी विद्यापीठ हे मूलभूत हक्कांच्या संदर्भात ‘राज्य’ आहे का, म्हणजे ते हक्क त्याच्याविरुद्ध मागता येतात का, हा प्रश्न उरलाच होता. पन्नासच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयाने शांताबाई खटल्यात ‘नाही’ म्हटलं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान वीज मंडळाच्या खटल्यात ‘राज्य’ या संज्ञेचा अर्थ रुंद केला आणि मद्रासची ती भूमिका मागे पडली. मधल्या काळातला १९६२ चा एक निकाल मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण परीक्षा विभागाचं काम त्याने मुळापासून बदललं. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने काही विद्यार्थ्यांचे निकाल कॉपीच्या संशयावरून रद्द केले होते, तेही त्यांना न विचारता. सर्वोच्च न्यायालयाने घनश्यामदास गुप्ता खटल्यात सांगितलं की शिक्षेआधी बाजू मांडायची संधी द्यावीच लागेल. आज कॉपी प्रकरणात ‘अमुक तारखेला समितीपुढे हजर राहावे’ असं पत्र विद्यार्थ्याच्या हातात पडतं, त्याचं मूळ इथे आहे.

योगायोग असा की एकच वर्ष आधी, १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या एका फेडरल अपील न्यायालयाने जवळपास हेच म्हटलं होतं. अलाबामातल्या सरकारी महाविद्यालयाने वर्णभेदाविरुद्ध धरणं धरणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना चौकशीविना काढून टाकलं होतं. सरकारी महाविद्यालयाला असं करता येणार नाही, असा डिक्सन खटल्याचा निकाल लागला. तिथल्या विद्यापीठांनी पुढच्या काही दशकांत ‘जनरल कौन्सेल’ (मुख्य विधी सल्लागार) हे पद थेट अध्यक्षांच्या शेजारी नेऊन बसवलं. आपल्याकडे मात्र ‘विधी कक्ष’ झाला, बहुतेक ठिकाणी कुलसचिवांच्या हाताखाली. फरक खुर्चीच्या उंचीचा वाटतो, पण खरा फरक वेळेचा आहे. तिकडे निर्णयाचा मसुदा आधी वकिलाकडे जातो. इकडे आदेशावर सही होते, तो निघतो, त्याला आव्हान मिळतं आणि मग विधी कक्षाला फाइल दिसते.

काम वाढत गेलं ते एकेका कायद्यामागून. १९७४, १९९४ आणि २०१६ च्या राज्य कायद्यांनी तक्रार निवारण समित्या, न्यायाधिकरण, निवडणुका, आरक्षण अशा गोष्टी कलमाकलमांत बांधल्या. १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा उद्योग नाही म्हटलं होतं. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात तेच उलटलं, आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या वादांना औद्योगिक कायद्याची वाट मिळाली. गुणांच्या बाबतीत तर महाराष्ट्राला विसरता येणार नाही असं प्रकरण मुंबई विद्यापीठातच घडलं. १९८५ च्या एमडी परीक्षेतल्या गुणवाढीचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. एका गुणपत्रिकेने सरकारचा प्रमुख बदलू शकतो, हे तेव्हा कळलं.

उत्तरपत्रिका पाहू द्यायची की नाही, यावर न्यायालयांची भूमिका कशी सरकली तेही पाहण्यासारखं आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य मंडळाचा उत्तरपत्रिका न दाखवण्याचा नियम वैध ठरवला. २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला आणि २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सीबीएसईच्या खटल्यात तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच आहे, ती विद्यार्थ्याला पाहू द्या, असं सांगितलं. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाची ऑनलाइन तपासणी फसली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, कुलगुरूंना पदावरून दूर केलं. अशा वेळी विधी अधिकाऱ्यासमोर एक अवघड प्रश्न उभा राहतो: आपण वकील कुणाचे? त्याचा अशील विद्यापीठ आहे, कुलगुरू नव्हे. पण त्याचा गोपनीय अहवाल ज्या साखळीतून जातो, तिच्या टोकाला कुलगुरूच असतात. हे पद दुबळं राहिलं त्याचं मोठं कारण मला इथेच दिसतं. पगार किंवा कर्मचारी कमी असणं ही नंतरची गोष्ट.

किनारपट्टीवर या कामाला आणखी एक अंग आहे: जमीन. १८ मे १९७२ रोजी दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि त्याची संशोधन केंद्रं कर्जत, भाट्ये, वेंगुर्ल्यापर्यंत पसरली आहेत. कोकणातल्या जमिनीचा सातबारा म्हणजे खोती (गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची जुनी पद्धत), कूळ, सामायिक हिस्सेदार, मुंबईकर वारस यांचा एकत्र इतिहास. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याचा कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा. पण वहिवाटीचे वाद आजही तलाठ्यापासून दिवाणी न्यायालयापर्यंत चालू असतात. त्यात समुद्रालगत काही बांधायचं म्हटलं की १९९१ पासूनचे सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला संविधानाच्या कलमांइतकाच फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांची नोंद, वाचता यावा लागतो. शिवाय वाण आणि नाव यांचेही हक्क आले. हापूसच्या भौगोलिक मानांकनासाठी अर्ज करणाऱ्यांत हे विद्यापीठ होतं. देवगड आणि केळशी भागातल्या बागायतदारांच्या संस्थांचेही अर्ज होते, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गासह पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं. आंब्याच्या नावासाठी विद्यापीठाने कायद्याची फाइल उघडावी, हे काण्यांच्या काळात कुणाच्या मनातही आलं नसतं.

आता ताजा बदल. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कामाला लागलं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत गेले. रायगड मुंबईकडेच राहिला. म्हणजे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रस्ता आता कुंभार्ली घाट चढून जातो, तर माणगाव तालुक्यातल्या लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा पूर्वीसारखा मुंबईला. सावंतवाडी-कणकवलीच्या याचिकाकर्त्याला हे नक्कीच सोयीचं आहे. रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठण्यापेक्षा सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल. गुंता मुंबई विद्यापीठाचा. त्याचं मुख्यालय फोर्टात, परीक्षा भवन कलिन्याला, उपपरिसर रत्नागिरीत. रत्नागिरीच्या महाविद्यालयातल्या नेमणुकीला मान्यता नाकारणारं पत्र मुंबईत सही होऊन निघालं, तर दाव्याचं कारण कुठे घडलं? दोन्हीकडे थोडं थोडं, असं कुणीही म्हणेल, आणि म्हणूनच पहिला वाद बहुधा अधिकारक्षेत्राचाच होईल. तोपर्यंत विधी कक्षाला निदान कोल्हापुरात पॅनेलवर वकील नेमून ठेवावे लागतील, आणि फाइल स्कॅन करून त्यांच्यापर्यंत तारखेच्या आदल्या रात्री नव्हे तर आठवडाभर आधी पोचवावी लागेल.