साकवाचा (ओढ्यावरच्या लहान पुलाचा) प्रश्न विधानसभेत गेला, म्हणजे पैसे आले?

गणपतीला चाकरमानी गावी आले की पारावर हे हमखास ऐकू येतं: "आमदारांनी अधिवेशनात आपल्या साकवाचा प्रश्न घेतला, पैसे मंजूर झाले!" नाही हो. प्रश्नाने सरकारकडून उत्तर मिळतं, रुपया नाही.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, वर उपप्रश्नही झेलतात. अतारांकिताला फक्त लेखी. छापील उत्तरांची भाषाही ठरलेली: 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे' आणि माझं आवडतं, 'प्रश्न उद्भवत नाही'. तरी आरोग्य केंद्रात डॉक्टरांची किती पदं रिक्त, निधी किती आणि खर्च किती, हे इथेच सरकारच्या तोंडून नोंदवलं जातं. ही कमाई लहान नाही.

पैसा येतो अर्थसंकल्पातून किंवा पुरवणी मागण्यांतून, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चातून. घटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय अनुदानाची मागणी, म्हणजे खर्चासाठी पैशांची मागणी, मांडताच येत नाही. म्हणजे ती सरकारच मांडतं, आमदार त्यावर बोलतात, कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करा, असा प्रस्ताव) देतात, मत देतात. त्यानंतरही प्रशासकीय मान्यता आणि निविदा उरतातच.

कोकण रेल्वेच्या थांब्याचं म्हणाल, तर तो विषय केंद्राचा. त्यासाठी खासदारांना गाठा.