लोकसुलभ बायबल-चिकित्सा

बायबलमधील ग्रंथ कोणी, केव्हा व कोणत्या आधारांवरून रचले, हातोहात नकला होताना त्यांची संहिता कशी बदलली आणि पहिल्या श्रोत्यांना त्यांतून काय कळत असावे, याविषयी विद्यापीठांत चालणारा अभ्यास हिब्रू वा ग्रीक न येणाऱ्या वाचकाच्या हाती देण्याची परंपरा. भाषांतरातील तळटिपा, सटीप आवृत्त्या, कोशातील नोंदी, स्वस्त पुस्तिका, जाहीर व्याख्याने आणि अलीकडे महाजालावरील पाठ्यक्रम ही तिची रूपे होत. प्रवचन किंवा भक्तिपर विवरण यांपासून ती वेगळी मानली जाते. मात्र सीमारेषा सर्वत्र स्पष्ट नाही: स्कॉटिश अभ्यासक विल्यम बार्क्ली यांची नव्या करारावरील विवरणमाला दोन्ही बाजूंना ठेवता येते.

तिचा आरंभ कोठे धरावा याबद्दल मतभेद आहेत. चिकित्सक निरीक्षणे जुनीच आहेत. बाराव्या शतकातील यहुदी भाष्यकार अब्राहाम इब्न एझ्रा याला पंचग्रंथातील, म्हणजे परंपरेने मोशेच्या मानलेल्या बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतील, काही वाक्ये मोशेच्या काळाशी जुळत नाहीत असे दिसले होते. ‘तेव्हा त्या देशात कनानी लोक होते’ (उत्पत्ती १२:६) हे वाक्य कनानी लोक तेथे उरले नसताना लिहिलेले वाटते; मोशेच्या काळी तर ते तेथे होतेच. त्यावर इब्न एझ्राने ‘यात एक गुपित आहे, आणि जाणत्याने गप्प राहावे’ एवढेच लिहिले. पुढे कित्येक शतके अभ्यासकांचा रिवाज हाच राहिला. डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने १६७० मध्ये ते गुपित उघड केले व पंचग्रंथ मोशेचा नव्हे असे सांगितले. पण ग्रंथ लॅटिनमध्ये होता, आणि त्याचे डच भाषांतर होत असल्याचे कळताच ते थांबवावे अशी विनंती त्याने १६७१ मधील एका पत्रात केली. त्यामुळे त्याला या परंपरेचा प्रवर्तक म्हणणे कठीण जाते. रीशार सिमों या फ्रेंच धर्मगुरूचा दावा अधिक सबळ आहे. जुन्या कराराचा चिकित्सक इतिहास त्याने १६७८ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिला. बोस्युए या वजनदार धर्मोपदेशकाने हालचाल करून तो दडपला. छापलेल्या सुमारे १,३०० प्रतींपैकी बहुतेक नष्ट झाल्या आणि सिमोंला त्याच्या संघातून काढण्यात आले. तथापि सिमोंचा रोख प्रॉटेस्टंटांशी वाद घालण्यावर होता. संहिता इतकी गुंतागुंतीची असेल तर केवळ शास्त्रावर विसंबून चालणार नाही, परंपराही हवी, असे त्याला दाखवायचे होते. सामान्य वाचकाला शहाणे करणे हा त्याचा हेतू नव्हता.

हेतू आणि भाषा या दोन्ही कसोट्या लावल्या, तर लेसिंगचे प्रकरण आरंभबिंदू म्हणून अधिक पटते. हँबुर्गमधील पौर्वात्य भाषांचे अध्यापक हेर्मान झामुएल रायमारुस (१६९४–१७६८) यांनी बायबलवर एक दीर्घ चिकित्सक हस्तलिखित लिहून हयातभर लपवून ठेवले होते. वोल्फेनब्यूटेल येथील ग्रंथपाल गोटहोल्ड एफ्राइम लेसिंग याने त्यातील उतारे ‘एका अनामिकाचे’ म्हणून १७७४ ते १७७८ या काळात जर्मनमध्ये छापले. पुनरुत्थानाच्या कथांमधील विसंगती आणि येशूचा स्वतःचा हेतू व शिष्यांनी नंतर सांगितलेला हेतू यांतील फरक, हे त्यांतील सर्वांत गाजलेले मुद्दे. हँबुर्गचे प्रमुख पाळक योहान मेल्शिओर गोएत्से यांनी तीव्र हरकत घेतली. मजकुरावर त्यांचा राग होताच. पण अशी चर्चा करायचीच असेल तर ती लॅटिनमध्ये, विद्वानांपुरती असावी, म्हणजे साध्या माणसांच्या श्रद्धेला धक्का लागणार नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. या हरकतीला क्षुल्लक समजू नये. वाद निष्कर्षांइतकाच ते ऐकण्याचा अधिकार कोणाला, याचाही होता, आणि या विषयाच्या पुढच्या इतिहासात हाच प्रश्न पुन्हापुन्हा वर येतो. जुलै १७७८ मध्ये ब्रुन्सविकच्या दरबाराने लेसिंगची सेन्सॉरमुक्तता काढून घेतली. मग तो आपल्या जुन्या व्यासपीठाकडे, रंगभूमीकडे वळला. धर्मसहिष्णुतेवरील त्याचे ‘नाथान’ हे नाटक १७७९ मध्ये आले.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ दाविद फ्रीड्रिख श्ट्राउसच्या दोन ग्रंथांत हाच प्रश्न एका माणसाच्या आयुष्यात दिसतो. त्याचे १८३५–३६ चे येशूचरित्र धर्मशास्त्रज्ञांसाठी होते आणि तसे त्याने प्रस्तावनेत म्हटले होते. तरीही त्याची ट्युबिंगेनची जागा गेली, आणि १८३९ मध्ये झुरिकने त्याला दिलेल्या प्राध्यापकपदावरून इतका क्षोभ उसळला की रुजू होण्याआधीच त्याला निवृत्तिवेतन देण्यात आले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात तेथील सरकारही कोसळले. इंग्रजी वाचकांना हे चरित्र १८४६ मध्ये मिळाले. भाषांतर पुढे जॉर्ज एलियट या नावाने कादंबऱ्या लिहिणाऱ्या मेरियन एव्हान्स यांचे. १८६४ मध्ये श्ट्राउसने दुसरे चरित्र लिहिले, ते मात्र शीर्षकातच ‘जर्मन जनतेसाठी’ असे घोषित करून. त्याआधी एक वर्ष एर्नेस्त रनाँच्या फ्रेंच येशूचरित्राने प्रचंड खप मिळवला होता. रनाँची शैली लोभस आहे, पण आधार आणि कल्पना यांची सरमिसळ वाचकाला कळत नाही. सुलभतेचा हा धोका तेव्हापासूनचा.

उलट दिशेचे एक उदाहरण येथे नोंदवायला हवे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या वसाहतीचे बिशप जॉन विल्यम कोलेन्सो जुन्या कराराचे झुलू भाषांतर करीत असता, त्यांचे झुलू सहकारी विल्यम न्गिदी यांनी जलप्रलयाच्या कथेबद्दल विचारले, की हे सगळे खरेच घडले का? त्या प्रश्नाने कोलेन्सोंना पंचग्रंथातील आकडे तपासायला लावले आणि १८६२ पासून त्यांचे खंड निघू लागले. ज्याला शिकवायचे त्यानेच चिकित्सा सुरू करून दिली. इंग्लंडमध्ये मात्र एका झुलूने बिशपला बदलले म्हणून कोलेन्सोंची टिंगल झाली.

विश्वकोशीय नोंद हेच या परंपरेचे रणांगण ठरल्याचा प्रसंग विल्यम रॉबर्टसन स्मिथ (१८४६–९४) यांचा. ॲबर्डीन येथील, स्कॉटलंडच्या फ्री चर्च या प्रॉटेस्टंट पंथाच्या महाविद्यालयात ते हिब्रूचे प्राध्यापक होते. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीच्या तिसऱ्या खंडात (१८७५) त्यांनी ‘बायबल’ ही नोंद लिहिली. तीत सांगितलेले बरेचसे जर्मन विद्यापीठांत जुने झाले होते: पंचग्रंथ अनेक आधारांवरून जोडलेला आहे, त्यातील ‘अनुवाद’ नावाचा पाचवा ग्रंथ मोशेच्या हातचा नाही. पण घरोघरच्या कपाटात जाणाऱ्या कोशात ते येणे ही वेगळी गोष्ट होती. पाखंडाचा आरोप होऊन खटला काही वर्षे चालला. १८८० मध्ये ताकीद देऊन त्यांना सोडण्यात आले. पण लगेच हिब्रू भाषा व वाङ्मयावरील त्यांची दुसरी नोंद प्रसिद्ध झाली, आणि १८८१ मध्ये त्यांचे अध्यासन काढून घेण्यात आले. अध्यासन जाण्याआधीच्या निलंबनाच्या काळात फ्री चर्चच्या सुमारे सहाशे सभासदांनी त्यांना निमंत्रण दिले, न ऐकताच निषेध करण्यापेक्षा ऐकून घ्यावे म्हणून. एडिंबरो व ग्लासगो येथे झालेल्या बारा व्याख्यानांना सरासरी अठराशेहून कमी श्रोते नव्हते, असे त्यांच्या प्रस्तावनेत नमूद आहे. ही व्याख्याने आजही आदर्श वाटतात. निर्णय ऐकवून ती थांबत नाहीत. हस्तलिखित कसे उतरवले जाई, नकलनवीस कोठे चुके, दोन पाठ समोर आल्यावर कोणत्या कारणाने एक निवडायचा, हे ते पायरीपायरीने उलगडतात, आणि श्रोत्याला त्यांच्याशी असहमत होण्याची साधनेही देतात. स्मिथ पुढे त्याच कोशाचे संपादक झाले.

मुद्रणाने सुलभीकरणास जी साधने पुरवली त्यांत रंग व तळटीप ही दोन महत्त्वाची. फ्रेंच वैद्य झाँ आस्त्रुक याने १७५३ मध्ये उत्पत्तीतील मजकूर ईश्वराच्या नावांवरून वेगळा करून स्तंभांत मांडला होता. मोशेचे कर्तृत्व वाचवणे हा त्याचा हेतू. मोशेने जुनी टिपणे वापरली, असे त्याला म्हणायचे होते. हा नामभेद भाषांतरात ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ असा उतरतो, त्यामुळे हिब्रू न येणाऱ्यालाही तो तपासता येतो. जलप्रलयाची कथा त्यासाठी सोयीची आहे. उत्पत्ती ६:१९ मध्ये ‘देव’ प्रत्येक जातीची एक जोडी घ्यायला सांगतो. ७:२ मध्ये ‘परमेश्वर’ शुद्ध पशू सात-सात घ्यायला सांगतो. पाऊस चाळीस दिवस पडतो (७:१२), तर पाणी दीडशे दिवस जोर धरून राहते (७:२४). वाचकाने एकदा हे धागे स्वतः वेगळे करून पाहिले, की आधारांचा सिद्धांत मान्य झाला नाही तरी तो कशासाठी मांडला गेला हे कळते. पाउल हाउप्ट यांनी १८९३ पासून काढलेल्या आवृत्तीत हे आधार छपाईच्या रंगांनी दाखवले. ती मालिका अपुरी राहिली. रंगांची अडचण अशी की ते कमी-अधिक खात्री दाखवत नाहीत: बहुतेकांना मान्य असलेले विभाजन आणि एकाच अभ्यासकाचा अंदाज सारख्याच ठळकपणे उमटतात. पंचग्रंथ चार आधारांतून जोडला गेला या अभिजात सिद्धांतावर १९७० च्या दशकापासून गंभीर आक्षेप आले असून आज त्याविषयी एकमत नाही. लोकप्रिय पुस्तकांत हे उशिरा पोहोचते.

तळटीप अधिक प्रामाणिक ठरते. इंग्रजी सुधारित भाषांतराचा नवा करार मे १८८१ मध्ये निघाला, तेव्हा शिकागोच्या दोन वृत्तपत्रांनी २२ मे रोजी तो संपूर्ण छापला. त्यातील समासात मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट (१६:९–२०) दोन सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नसल्याची टीप होती. जाणकारांना ठाऊक असलेली बाब अशा रीतीने रोजच्या वाचकासमोर आली.

रोमन कॅथलिक पंथात अशा वाचनास वाट मिळाली ती मुख्यतः १९४३ च्या पोपच्या परिपत्रकानंतर व दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर; जेरूसलेम येथील फ्रेंच संस्थेची सटीप आवृत्ती (१९५६) हे त्या परिपत्रकाचे ठळक फळ. यहुदी बाजूने नव्या करारावर यहुदी अभ्यासकांनी लिहिलेली सटीप आवृत्ती २०११ मध्ये निघाली. परूशी (येशूच्या काळातील एक यहुदी पंथ) म्हणजे ढोंगी ही रूढ समजूत मोडण्याचे तिचे काम मोलाचे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपक्रम वाढले, तसा एक कलही दिसू लागला: सामान्यांसाठी म्हणून आरंभलेले काम हळूहळू तज्ज्ञांकडे परतते. १९६४ पासून निघू लागलेल्या अँकर बायबल मालेचा उद्देश विशेष शिक्षण नसलेल्या वाचकासाठी असल्याचे तिच्यातच छापलेले असे. पण लेवीय या एका ग्रंथावरच तीन जाड खंड झाले. तज्ज्ञ आपल्या शेजारच्या तज्ज्ञाकडे पाहून लिहितो, हे त्याचे सरळ कारण असावे.

रॉबर्ट फंक यांनी १९८५ मध्ये स्थापलेल्या ‘जीझस सेमिनार’ने येशूच्या वचनांवर लाल (नक्की येशूचे), गुलाबी (बहुधा येशूचे), करड्या (बहुधा येशूचे नव्हे) व काळ्या (येशूचे नव्हे) मण्यांनी मतदान घेतले व निकाल १९९३ मध्ये छापला, सुमारे १८ टक्के वचने पहिल्या दोन रंगांत आली. निकाल भारित सरासरीने ठरत असल्याने निम्म्याहून अधिक मते अनुकूल असूनही एखादे वचन करड्या रंगात जाऊ शके. मतभेद झाकले गेले, ही टीका योग्य दिसते. मात्र अभ्यासकांनी दारे उघडी ठेवून चर्चा केली हेही तितकेच खरे. अमेरिकी अभ्यासक बार्ट एरमन यांच्या २००५ च्या पुस्तकाने पाठभेदांचा विषय मोठ्या वाचकवर्गात नेला. नव्या कराराच्या हस्तलिखितांत त्यातील शब्दांहून अधिक पाठभेद आहेत, हे त्यातील विधान बरोबर आहे. पण बहुतांश भेद वर्णलेखनाच्या व तत्सम क्षुल्लक चुकांचे आहेत, असे तेच पुस्तक सांगते, आणि उद्धृत होताना हा दुसरा भाग गळतो.

मूळ साधने खुली होणे हा अलीकडचा मोठा बदल. १९४७ नंतर कुमरान येथे सापडलेल्या मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचा (प्राचीन यहुदी हस्तलिखितांचा) बराच भाग चार दशके मोजक्या संपादकांच्या ताब्यात होता. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयाने आपल्याजवळची छायाचित्रे अभ्यासकांना खुली केली आणि ती कोंडी फुटली. येल विद्यापीठाने जुन्या व नव्या कराराचे प्रास्ताविक पाठ्यक्रम विनामूल्य दिले. चौथ्या शतकातील सिनाई संहिता (बायबलचे एक ग्रीक हस्तलिखित) चार संस्थांकडे विखुरलेली आहे. तिची उपलब्ध पाने २००९ पासून महाजालावर एकत्र पाहता येतात. मार्कचे शुभवर्तमान तीत १६:८ पाशी, भ्यालेल्या स्त्रियांपाशी संपते; स्तंभाची उरलेली जागा कोरी आहे आणि पुढच्या स्तंभात लूक सुरू होतो.