ओल्या मातीत तहानलेला वेल

खाडीकाठच्या विहिरीचं पाणी डिसेंबरात गोड लागतं आणि मार्चमध्ये मचूळ होतं. कोकणात भातकापणीनंतर लावलेलं कलिंगड नेमकं याच काळात वाढतं. किनाऱ्यालगत जमिनीखालचं गोडं पाणी समुद्राच्या जड पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत ते पुरतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे उपशाने पातळी अर्धा मीटर उतरली, तर खारं पाणी कालांतराने २० मीटर वर येऊ शकतं.

मुळातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मुळात शिरतं. मातीतलं पाणीच खारट झालं की ही ओढ मंदावते. आळं ओलं असूनही वेल तहानलेला राहतो. पानं आपली छिद्रं मिटून घेतात, वाढ खुंटते, पेरं आखूड पडतात. रोप लहान असताना हा फटका सर्वात जास्त बसतो.

दुसरा त्रास सावकाश येतो. पाण्याबरोबर सोडियम आणि क्लोराइड पानात पोचतात. पाणी उडून जातं, क्षार तिथेच साठतात. मग जुन्या पानांच्या कडा करपतात. सोडियममुळे पोटॅशही नीट उचललं जात नाही, म्हणून हे करपणं थेट पोटॅशच्या कमतरतेसारखं दिसतं. अशा वेळी म्युरेट ऑफ पोटॅश टाकू नये. ते पोटॅशियम क्लोराइड असतं, त्यातून क्लोराइडची भरच पडते. सल्फेट ऑफ पोटॅश बरं.

खारट पाण्यावरचं फळ जास्त गोड होतं, असं म्हणतात. पुष्कळदा ते खरंही असतं, पण वजन घटतं, आणि बाजारात कलिंगड वजनावर विकलं जातं.

लिटरमागे दीड ग्रॅम क्षार धरा. गुंठ्याला हंगामात ३० हजार लिटर पाणी दिलं, तर ४५ किलो क्षार मातीत गेले. निचरा चांगला असेल तर कोकणचा पावसाळा ते धुऊन नेतो. हंगामात मात्र आपल्यालाच सांभाळावं लागतं. जिभेवर विसंबू नका, ईसी मीटर वापरा; पाण्यातून वीज किती वाहते यावरून तो खारटपणा मोजतो. मीटरवर ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत काळजी नाही, ३ च्या वर धोका मोठा. पाणी खारट म्हणून पाळ्या लांबवणं तर घातकच, कारण माती सुकते तसे क्षार आणखी दाट होतात. ठिबकने थोडं थोडं, वरचेवर द्यावं. पानांवर उडवू नये.

ठिबकमुळे क्षार ओलाव्याच्या कडेला जाऊन बसतात. अवकाळीची हलकी सर त्यांना परत मुळांकडे ढकलते, म्हणून अशा पावसात ठिबक बंद करू नये.